हिवराचा लेयर

बस, प्रज्योत. खुर्ची एका अंगानं कलते,
सवय होते.
माऊसखाली संत्र्याचं साल नको पहिले.

लाइट इथं सांगून जात नाई.
गाय दोहताना माय कशी
मधूनमधून वासराकडे पाहते,
तसं सेव्ह करजो.
यूपीएस तीन मिनिटं टिकते,
त्यातलं एक मिनिट नुसतं वरडते.

फाइलले नाव देजो माणसाचं, गावाचं, तारखेचं.
फायनल, फायनल दोन, एकदम फायनल,
माह्या जुन्या फोल्डरात असे अकरा फायनल आहेत,
अन् शेषराव ढोमणे पोरीच्या बारशाचा बॅनर
अजून मांगून राहिला.
पोरगी तिसरीत गेली.

नकाशा घेतला की पहिले युनिट पाहजो.
मिस्तरी बोलते फुटात, टेप इंचात,
अन् हा डब्बा, तुले न विचारता, मिलिमीटरात.
मी पहिलं घर काढलं तीस बाय चाळीसचं.
प्रिंट निंगाली,
बाबाराव मिस्तरीनं खिशातली काडीपेटी
तिच्या बाजूले ठेवली, म्हणे,
"बरोबर आहे बाई. बिडीवाल्याचं घर आहे."

खोली मोजताना आडवी मोज, उभी मोज,
मंग दोन्ही तिरप्या.
तिरप्या सारख्या नाई आल्या तं ऑर्थो बंद करजो.
ऑर्थोले सगळं सरळच दिसते,
गावातल्या भिंती
कोणाच्या बैलगाडीसाठी, कोणाच्या भांडणासाठी
थोड्या सरकलेल्या असतात.

अन् हे लिहून घे:
कर्व्ह केल्याबिगर फाइल अमरावतीले धाडजो नको.
तिथलं मशीन आपला फॉन्ट ओळखत नाई.
'हार्दिक'चं 'हादिर्क' झालं,
आठ दिवस चौकात टांगून होतं,
कोणी काही म्हटलं नाई, तेच जास्त लागलं.
पण कर्व्ह कॉपीचं करजो.
एकदा कर्व्ह झालेलं अक्षर पुन्हा टाइप होत नाई,
अन् पुढारी रात्री नऊले फोन करून नाव बदलते.

स्क्रीनवरच्या केशरीवर भरोसा नको.
फ्लेक्सवर ते विटेसारखं येते,
अन् वरुडात माणसं संत्र्यावर जगतात,
त्यायले रंग शिकवता येत नाई.

गोमाजी पेंटर, ज्याच्या भिंती आपण खाल्ल्या,
कधीमधी इथं पंख्याखाली बसायचा.
माहा एक 'श' पाहून म्हणे,
"कायले एवढे खिळे ठोकले?
वळण दोन जागी धराव,
मधात सोडून द्याव."
चाळीसचे सहा नोड केले.
अक्षर उठून बसलं.

लेयर मी मुद्दाम मांगं ठेवला.
भिंती एकात, दारं एकात, नळ एकात,
झाडं वायली.
पिंपळशेंड्याच्या चंद्रभागाबाई खेरडेच्या प्लॉटवर
कोपऱ्यात हिवर होता.
कागदावर गिचमिड दिसे,
म्हणून प्रिंट देताना लेयर बंद केला.
एक क्लिक. छोटासा दिवा इझला.
कागद कसा स्वच्छ आला.

मिस्तरीनं कागद पाहिला.
कागदावर झाड नव्हतं.
दुपारपर्यंत प्लॉटवरही नव्हतं.

बाई भांडली नाई.
नकाशा घेऊन आली, ह्याच टेबलावर पसरला,
म्हणे, "याच्यात माही शेळी कुठं बांधू?"

मी लेयर चालू केला.
तिनं स्क्रीनवरच्या त्या हिरव्या गोलावर
बोट ठेवलं,
फांद्या किती होत्या हे सांगत राहिली.
मंग झाडवाली प्रिंट मांगून नेली.
वीस रुपये देत होती.

ती फाइल आहे तशीच ठेवजो.
तो लेयर लॉक आहे.
बंद करायचा असंन कोणताबी,
तं पहिले कागदावर हातानं लिहून देजो,
इथं काय काय आहे.

पाय, गिऱ्हाईक आलं.
वाढदिवसाचा बॅनर दिसते.
फोटो व्हॉट्सॲपचा घेजो नको, चेहरा फाटते,
म्हणा, डॉक्युमेंट करून पाठव.